लेकराला धरून ठेवणारी माया

प्रश्न : माझे आई-वडील दरसाल ऊसतोडीला जायचे. दिवाळीनंतर मला आजीपाशी ठेवायचे, ते पाडव्याच्या पुढेमागे परतायचे. आता माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. त्याला शाळेत सोडलं तरी माझा पाय निघत नाही, फाटकापाशीच बसून राहते. आजोळीही मुक्कामाला पाठवत नाही. नवरा म्हणतो, पोराला जरा मोकळं सोड. (बीड जिल्हा)

उत्तर : ताई, तुमच्या आई-वडिलांनी उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली असणार; ती फेडायला कारखान्यावर जावंच लागायचं. हे आज तुम्हाला कळतं. लहानग्या पोरीला एवढंच कळतं, की उठून बघितलं तर माय घरात नव्हती. मुलगा नजरेआड झाला की तुमच्या पोटात गोळा येतो, तो त्या सकाळचा आहे. एकदा वर्गाच्या खिडकीतून बघा. तुम्ही बाहेर जीव टांगून बसता, तेव्हा तो शेजारच्या पोराच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी चाटून खात असेल.

जॉन बोल्बी या मानसोपचारतज्ज्ञांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला. लहान मुलाला आईची, किंवा आईच्या जागी कायम असणाऱ्या माणसाची माया खंड न पडता मिळायला हवी, असं त्यात आहे. तुम्हाला आजी होती. ती कुशीत घेऊन निजवत असेल, तर तिनं तुमचं पुष्कळ राखलं. जे राहून गेलं, ते मुलाकडून भरून घेऊ नका.

उद्यापासून "मी बारा वाजता येते" असं सांगून निघा आणि बाराला हजर राहा. त्याचा डोळा चुकवून जाऊ नका. रडला तर जवळ घ्या, पण मागे फिरू नका. सुरुवातीला तुमचाच जीव कासावीस होईल, होऊ द्या. आणि आईला एकदा विचारा, मला ठेवून निघताना तुझं काय व्हायचं? ऊसतोडीच्या कितीतरी घरांत हे विचारलंच जात नाही. माय-लेकी दोघी आपापलं दुःख एकेकट्या गिळत राहतात.

प्रश्न : मी अंगणवाडी सेविका आहे. ऊसतोडीच्या हंगामात मागे राहिलेली लेकरं रोज बघते. त्यांचं हे नुकसान भरून येतं का?

उत्तर : बऱ्याच अंशी येतं. रोमानियातल्या बुखारेस्टच्या अनाथालयांतल्या मुलांचा २००० सालापासून अभ्यास झाला. साधारण दोन वर्षांच्या आत ज्यांना कुटुंब मिळालं, त्यांची सांभाळणाऱ्या माणसांशी जवळीक जास्त चांगली रुजली. तुम्ही नावानं हाक मारता, जेवलास का म्हणून विचारता, त्याचं मोल फार आहे. रडणाऱ्या लेकराकडे सगळ्यांचं लक्ष जातं. तुम्ही आधी गप्प बसलेलं लेकरू बघा.

प्रश्न : माझ्या लहानपणी आई दिवसदिवस अंथरुणात पडून असायची. माझी वेणीसुद्धा शेजारच्या काकू घालायच्या. आता पुण्यात नोकरी लागलीय, तर आई म्हणते, "तू गेलीस तर मी जेवणार नाही." रागही येतो, कीवही येते. जाऊ का? (जालना, वय २३)

उत्तर : जा. तुझा राग खरा आहे, त्याची लाज बाळगू नकोस. तुझ्या पत्रावरून वाटतं, की आई तेव्हा आजारी असावी. नैराश्य असेल आणि घरच्यांनी त्याला आळस म्हटलं असेल. पक्कं निदान डॉक्टरच करतील. तेव्हा जे हातून निसटलं, ते ती आता तुला घट्ट धरून मिळवू बघतेय. पण तेवीस वर्षांच्या मुलीला घरी अडवून तिला तिची पाच वर्षांची पोर परत मिळणार नाही.

जेवणावरून वाद घालू नकोस. सुरुवातीचे काही दिवस मावशीला किंवा मामीला मुक्कामाला बोलाव. फोनची एक वेळ ठरव आणि ती पाळ. जिवाचं बरंवाईट करायची भाषा तिनं केली, तर मात्र धमकी समजून सोडून देऊ नकोस, त्याच दिवशी मदत घे. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. निघण्याआधी आईला जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन जा. केसपेपरला रांग असते, सकाळी लवकर गेलेलं बरं.