नवे मेलोडिक हार्ड रॉक अल्बम ऐकण्यासारखे आहेत का?

तुम्ही विचारलंय, "युरोप, जर्नी, डेफ लेपर्ड हे बँड ऐकत मोठा झालो. अलीकडच्या मेलोडिक हार्ड रॉकमध्ये (जोरकस गिटार, पण गुणगुणता येतील असे मुखडे) काही दम आहे, की सगळी जुन्याची झेरॉक्स?"

झेरॉक्स भरपूर आहे. तरी गेल्या तीन-चार वर्षांतले काही अल्बम माझ्या फोनमधून हललेले नाहीत.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे मताला किती किंमत द्यायची ते तुम्हीच ठरवा. मी अमळनेरचा. मोटार वाइंडिंगचं दुकान आहे आणि लगीनसराईत बँडपार्टीत कीबोर्ड वाजवतो. नवरदेव मांडवात शिरताना 'द फायनल काउंटडाउन'ची सुरुवातीची धून वाजवायची, हे आता ठरूनच गेलंय. ती १९८६ ची, स्वीडनमधल्या युरोप बँडच्या पोरांची आहे हे वऱ्हाडाच्या गावीही नसतं. तर हे मत कीबोर्डवाल्याचं समजा.

या प्रकारातला निम्मा माल इटलीतल्या नेपल्सहून येतो. तिथली फ्रंटियर्स ही रेकॉर्ड कंपनी १९९६ मध्ये निघाली, नावही जर्नीच्या १९८३ च्या अल्बमवरून घेतलेलं. जुन्या गायकांना त्यांनी काम दिलं, हे उपकारच. पण त्यांची एक सवय मला खटकते. गायक अमेरिकेचा, गिटारवाला स्वीडनचा, गाणी आणि कीबोर्ड बहुतेक वेळा आलेस्सांद्रो देल वेक्किओ या एकाच माणसाकडे, आणि झाला नवा बँड तयार. आमच्याकडे एकाच तिथीला दोन सुपाऱ्या आल्या की असंच होतं. धुळ्याहून गायक, चोपड्याहून ऑक्टोपॅडवाला बोलावतात. सगळे तयारीचे, एक सूर इकडचा तिकडे नाही, पण वरात जागची हलत नाही. असे अल्बम ऐकताना पाचव्या गाण्याला मला पहिलं गाणं आठवत नाही.

म्हणून माझी शिफारस हीट या बँडपासून. हे स्टॉकहोमजवळच्या उपलँड्स वेस्बीचे, म्हणजे युरोप बँड ज्या गावचा त्याच गावचे. २००७ पासून वाजवतायत. मधली दहा वर्षं एरिक ग्रॉनवॉल गात होता. तो २०२० मध्ये गेला आणि पहिला गायक केनी लेक्रेमो परत आला. मला वाटलं होतं, संपलं. पण २०२२ चा 'फोर्स मेजर' लावा, पहिलंच गाणं 'बॅक टू द रिदम'. त्यात पाच माणसं एका खोलीत घाम गाळतायत असं ऐकू येतं. २०२५ चा 'वेलकम टू द फ्यूचर' त्याहून गोड आहे, माझ्या चवीला थोडा जास्तच. मुखडे मात्र असे की वाइंडिंग करता करता तोंडात बसतात.

एक्लिप्स दुसरे, तेही स्वीडनचेच. एरिक मार्टेन्सन गातो, गिटार वाजवतो, गाणी लिहितो, मिक्सिंगही करतो. 'मेगालोमेनियम' २०२३ चा, त्याचा दुसरा भाग २०२४ चा. दोन्हींचा मिळून एक करून चार गाणी गाळली असती तर जबरदस्त अल्बम झाला असता. आणि एक तक्रार आहे, ती आजच्या बहुतेक सगळ्यांबद्दल. आवाज इतका दाबून भरलेला असतो की हळू आणि जोरात यातला फरकच उरत नाही. अंतरा खाली उतरला तरच मुखडा चढल्यासारखा वाटतो ना! हे हळदीला वाजवणाऱ्या कुठल्याही पोराला कळतं. जुने लोक शेवटच्या मुखड्याला पट्टी चढवायचे, काळी दोनमधून थेट काळी तीनमध्ये, आणि अंगावर काटा यायचा. आता पहिल्या सेकंदापासून सगळंच चढलेलं.

जुळवलेले बँड लक्षात राहत नाहीत, या वरच्या नियमाला एक अपवाद आहे, वेट. वर्क ऑफ आर्ट, एक्लिप्स आणि टॅलिस्मन या तीन बँडांची आद्याक्षरं घेऊन केलेलं नाव. आहे जुळवलेलाच संच, पण २००९ पासून टिकलाय. २०२५ च्या 'एपेक्स'मध्ये साठीला टेकलेला जेफ स्कॉट सोटो ज्या ताकदीनं गातो, ते ऐकून आमच्या पार्टीतल्या पंचविशीच्या गायकाला लाज वाटावी. (त्याला ऐकवलं. वाटली नाही.)

आणि आपला माणूस विसरू नका. सिक्कीमच्या गंगटोकचा गिरीश प्रधान. त्याच्या 'गिरीश अँड द क्रॉनिकल्स'चा 'हेल टू द हीरोज' २०२२ मध्ये याच नेपल्सच्या कंपनीनं काढला. पुढे जॉर्ज लिंच आणि जेफ पिल्सन या जुन्या डॉकेन बँडवाल्यांनी आपल्या 'दि एंड मशीन' या बँडसाठी त्यालाच घेतलं, २०२४ च्या 'द क्वांटम फेज'मध्ये गायक तोच आहे. आवाज थोडा किंचाळतो, पण तो किंचाळणारा आवाज त्याचा स्वतःचा आहे.

कीबोर्ड आवडत असेल तर नाइट फ्लाइट ऑर्केस्ट्राचा २०२५ चा 'गिव्ह अस द मून' घ्या. गायक ब्यॉर्न स्ट्रिड एरवी सॉइलवर्क या मेटल बँडमध्ये गुरगुरतो, इथे डिस्कोच्या ठेक्यावर विमानप्रवासाची गाणी म्हणतो. मागच्या महिन्यात पारोळ्याहून रात्री दोनला टेम्पोत परत येताना मी तो लावला. सगळे पेंगत होते. ऑक्टोपॅडवाला डोळे न उघडता म्हणाला, "भो, हाई हळदमा चाली जाई."