पेया, मंड, विलेपी: पेजेत पाणी किती?

या आठवड्यातले बहुतेक प्रश्न आजारपणातल्या पेजेबद्दल आहेत.

वैद्यांनी वडिलांना ‘पेया’ सांगितली आहे. ती म्हणजे पेजच ना? मग मंड, यवागू, विलेपी वेगळं काय? (जुळे सोलापूर)

पेजच, शितांसकट. शितं गाळून नुसती निवळ घेतली की मंड. शितं भरपूर आणि चमच्याने खावी लागते ती विलेपी. आपला गुरगुट्या भात तिच्या जवळचा. यवागू हे या सगळ्यांचं मिळून नाव आहे आणि त्यातल्या एका प्रकाराचंही. शार्ङ्गधर संहितेत पेयेला तांदळाच्या चौदापट पाणी, यवागूला सहापट, विलेपीला चौपट सांगितलं आहे. मंडालाही चौदापटच.

वाटीपेक्षा वजन करून घ्या. एका माणसाला ५० ग्रॅम तांदूळ, ७०० मिलिलिटर पाणी. तांदूळ निदान वर्षभर जुना हवा. नव्या तांदळाची पेज चिकट होते आणि पचायला जड जाते. जुना नसेल तर धुण्याआधी कोरडाच मंद आचेवर रंग बदलेपर्यंत भाजा, म्हणजे तो हलका होतो. पाण्याला उकळी आल्यावर तांदूळ टाका, आच मंद करा, ३५ ते ४० मिनिटं शिजू द्या. शीत बोटांत दाबल्यावर मधे कणी लागता कामा नये. सैंधव आणि चिमूटभर सुंठ उतरवताना. तूप वैद्य सांगतील तरच.

पेज उतू जाते म्हणून कुकरला लावते, पण वर पाणी आणि खाली भात असं होतं. (बार्शी)

कुकरमध्ये वाफ कोंडलेली असते, पाणी फारसं आटत नाही आणि दाण्यातला पिष्ट पाण्यात नीट मिसळत नाही. मोठ्या पातेल्यात करा, निम्मं रिकामं ठेवा, झाकण अर्धवट. ढवळायचं ते दोन-तीनदाच आणि तळापासून. सारखं घोटलं की शितं मोडून खळ होते, आणि ती तळाशी लागतेही लवकर. आटली तर वरून उकळतंच पाणी घाला. गार पाण्याने शिजणं थांबतं आणि शितं आतून कच्ची राहतात. कुकर टाळलेलाच बरा.

आमच्याकडे ज्वारी घरची. तांदळाऐवजी कण्या चालतील? (मंगळवेढा)

धडधाकट माणसाला खुशाल द्या. तापातून उठलेल्याला पहिले एक-दोन दिवस मात्र तांदूळच. ज्वारी रूक्ष आहे, कण्या शिजायला वेळ घेतात आणि अर्धवट शिजल्या तर पोट फुगतं. भूक नीट लागू लागली की रात्रभर भिजवलेल्या कण्या पातळ शिजवून द्या.

उन्हाळ्यात जुलाब-उलट्या झाल्या की लाह्यांचं पाणी देतात. ते कसं करायचं? (अक्कलकोट)

तो लाजमंड. लाह्या साळीच्याच घ्या. नागपंचमीच्या ज्वारीच्या लाह्या नकोत, चुरमुरेही नकोत. चुरमुऱ्यांत बऱ्याचदा आधीच मीठ असतं. २५ ग्रॅम लाह्या निवडून, तूस काढून, ३५० मिलिलिटर पाण्यात पाच-सात मिनिटं उकळा, गाळा, कोमट झाल्यावर घोट-घोट द्या.

सोलापूरच्या मे महिन्यात शरीरातलं पाणी फार झपाट्याने कमी होतं. जुलाब-उलट्यांत पहिलं औषध ओआरएस. लाजमंड त्याच्या सोबतीला, बदल्यात नाही. लघवी कमी झाली, तोंड कोरडं पडलं, मूल मलूल झालं, जुलाबात रक्त दिसलं, तर वाट न पाहता डॉक्टर गाठा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पेज, मंड काहीच नको. अंगावरचं दूध चालूच ठेवा.

वमन झाल्यावर किती दिवस पेयेवर राहायचं? (सोलापूर, सात रस्ता)

वमन म्हणजे शरीरशुद्धीसाठी वैद्यांनी औषध देऊन करवलेली उलटी. ही शुद्धी किती झाली त्यावर ठरतं. उत्तम झाली असेल तर तीन जेवणं पेया, तीन विलेपी, मग तीन जेवणं मुगाचं कढण (आधी साधं, नंतर मीठ-तूप-मसाल्याचं), शेवटची तीन मांसरसावर. शाकाहारी माणसाला वैद्य त्या जागी दुसरं काही सांगतात. मध्यम शुद्धीला प्रत्येकी दोन, हलकीला एकेक. दुसऱ्याच दिवशी भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली की मंदावलेला अग्नी, म्हणजे पचनशक्ती, बिघडतो आणि केलेली शुद्धी वाया जाते.

मधुमेह आहे. पेज घेऊ का?

तांदळाची पेज साखर लवकर वाढवते. तुमच्या डॉक्टरांना विचारून थोडीच घ्या आणि गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर तपासत राहा. मूत्रपिंडाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर मिठाचंही विचारा.

रात्रीची पेज सकाळी गरम करून चालेल?

नाही. शिजलेला तांदूळ बाहेर राहिला की त्यात जंतू वाढतात, आणि काहींचं विष उकळूनही जात नाही. लागेल तेवढीच करा, दोन तासांत संपवा. आंबवलेली कांजी हा वेगळा पदार्थ आहे. उरलेली पेज आंबट झाली म्हणून तिची कांजी होत नाही.