तरतूद झाली, मग भिंत कुठे गेली?

(महापालिकेच्या कारभाराविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना, महापालिकेच्या लेखा विभागातून ३१ वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त झालेल्या अधिकारी या सदरात उत्तरे देतात.)

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आमच्या सोसायटीच्या मागून नाला वाहतो. दर पावसाळ्यात तळमजल्यावरच्या तीन घरांत पाणी शिरते. गेल्या वर्षीच्या अंदाजपत्रकात नाल्याच्या सीमाभिंतीसाठी ४० लाखांची तरतूद होती. छापील पुस्तकात आम्ही डोळ्यांनी पाहिली, सोसायटीत पेढेही वाटले. वर्ष सरले, एक दगड हलला नाही. विचारायला गेलो तर ‘निधी नाही’ म्हणतात. तरतूद होती, तर पैसे गेले कुठे?
– एक ज्येष्ठ वाचक

उत्तर : काका, तुमचे पैसे कुठे गेले नाहीत, ते आलेच नव्हते. तरतूद म्हणजे ‘या कामावर एवढ्यापर्यंत खर्च करायला हरकत नाही’ अशी परवानगी. पैसा जमेच्या बाजूने यावा लागतो, आणि घोळ बहुतेक वेळा तिथेच असतो.

दिवाळीच्या आगेमागे प्रत्येक खात्याकडून मागणीपत्रके येतात. रस्ते, पाणीपुरवठा, ड्रेनेज, विद्युत, आरोग्य, उद्यान, सगळ्यांची. लेखा विभाग काटछाट करणार हे खात्यांना ठाऊक असते, म्हणून ती दीडपट मागतात. दीडपट मागितलेय हे आम्हाला ठाऊक असते, म्हणून आम्ही कापतो. यातून मेळ घातलेला आकडा आयुक्त स्थायी समितीपुढे ठेवतात. नगरसेवकांची ही समिती त्यात कामे वाढवते आणि अंदाजपत्रक सगळ्या नगरसेवकांच्या मुख्य सभेत जाते. आता खरी मेख अशी की महापालिकेला तुटीचे अंदाजपत्रक करता येत नाही. खर्चाच्या बाजूला १० कोटी वाढले की जमेच्या बाजूलाही १० कोटी दाखवावेच लागतात.

एका वर्षी रात्री साडेदहाला मला निरोप आला, जमेत ९० कोटी वाढवा. विचारले, कुठून? उत्तर आले, मालमत्ता कराच्या थकबाकीतून. त्या थकबाकीची यादी माझ्या टेबलावरच होती. तिच्यात बंद पडलेल्या कारखान्याचा कर होता, कोर्टात अडकलेली प्रकरणे होती, एकाच घराची दोनदा झालेली आकारणी होती. यातले फार तर वीसेक कोटी हाती लागतील असे मी टिपणीत लिहिले. टिपणी फाइलला लागली आणि ९० कोटी पुस्तकात छापले गेले. ते मला आजही लागून राहिले आहे, कारण त्या ९० कोटींच्या भरवशावर कुणाकुणाच्या दारच्या भिंती मंजूर झाल्या होत्या.

सोपे गणित मांडते. समजा एका शहराने ६०० कोटी जमा धरले. पगार आणि पेन्शन २००. वीजबिल, धरणाच्या पाण्याचे बिल, डिझेल, कचरा, देखभाल मिळून १७०. कर्जाचे हप्ते ३०. मागच्या वर्षी कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करण्याचा आदेश) दिलेल्या कामांची देणी, ज्याला आम्ही ‘दायित्व’ म्हणतो, १२०. झाले ५२०. नव्या कामांना उरले ८०, तुमची भिंत या ८० मधली. आता प्रत्यक्षात ४८० कोटीच आले, तर? पगार थांबत नाही, वीजबिल थांबत नाही, बँक थांबत नाही. पहिल्या तीन बाबींत ४०० गेले की हाती ८०, आणि दायित्व १२०. म्हणजे नवी कामे तर गेलीच, वर ठेकेदारांची ४० कोटींची बिले पुढच्या वर्षाच्या डोक्यावर बसली.

पूर्वी जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर, होती तेव्हा आदल्या दिवशीचा भरणा रोज सकाळी कागदावर यायचा. सणासुदीचा बाजार थंड गेला की आम्हाला आठवड्यात कळायचे आणि खात्यांना हात आखडता घ्यायला सांगता यायचे. २०१० पासून टप्प्याटप्प्याने जकातीच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींखाली उलाढाल असणाऱ्या व्यापाऱ्यांना तो माफ झाला. मुंबईत जकात जीएसटी येईपर्यंत, म्हणजे जुलै २०१७ पर्यंत टिकली. आता त्याबदल्यात राज्याकडून भरपाई मिळते, वर्षाला ८ टक्के वाढीने. ती रक्कम आधीच कळते, तेवढी सोय झाली. पण शहर त्याहून वेगाने वाढले तर जास्तीचा पैसा घरपट्टीतून आणि बांधकाम परवानग्यांतूनच उभा करावा लागतो. घरांची विक्री मंदावली की बांधकाम परवानग्यांची जमा तिथेच कोसळते.

तुम्ही आता असे करा. यंदाचे, म्हणजे तुम्ही पाहिलेल्या पुस्तकानंतरचे पुस्तक काढा. त्यात तुमच्या कामाच्या ओळीत चार आकडे असतात: मागील वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, सुधारित अंदाज, पुढच्या वर्षाचा अंदाज. लोक शेवटचा आकडा बघून पेढे वाटतात. तुम्ही सुधारित बघा. तिथे ४० लाखांचे १ लाख झाले असतील, तर काम ‘टोकन’वर, म्हणजे नावापुरत्या तरतुदीवर गेले. शून्य असेल, तर रक्कम बहुधा वर्गीकरणाने दुसऱ्या कामाला वळवली. तसा ठराव असतोच, त्याची प्रत मागा. मग कार्यालयात एवढेच विचारा: पूर्वगणनपत्रक, म्हणजे कामाच्या खर्चाचा तपशीलवार अंदाज, झाले का? निविदा निघाली का? नाल्याचे काम पावसाळ्यात होत नाही. निविदा पावसाळ्यात उरकून ऑक्टोबरात कार्यादेश हातात पडला नाही, तर भिंत आणखी एक पावसाळा पुढे जाते.

प्रश्न : आमच्या गल्लीत फेब्रुवारीत डांबरीकरण झाले आणि मेमध्ये ड्रेनेजसाठी तोच रस्ता खोदला. दोन्ही खाती एकाच महापालिकेची. अंदाजपत्रक करताना ती एकमेकांशी बोलत नाहीत का?
– एक शिक्षिका

उत्तर : बोलत नाहीत. अंदाजपत्रकाची बांधणीच खातेवार आहे. तुमच्या गल्लीचे डांबर रस्त्याच्या लेखाशीर्षात, म्हणजे खर्चाच्या सदरात, आणि तिची ड्रेनेज लाइन कितीतरी पाने पुढे, दुसऱ्या लेखाशीर्षात. ती दोन पाने शेजारी ठेवून बघणे हे कुणाचेच काम नसते.

एका डिसेंबरात मी शंभरपानी वही घेतली आणि खात्याऐवजी रस्त्याच्या नावाने नोंदी केल्या. डावीकडे रस्त्याचे नाव, उजवीकडे त्यावर कोणकोणत्या खात्याने काम मागितले आहे. तीन संध्याकाळी गेल्या. अकरा रस्त्यांवर दोन-दोन खाती निघाली, एकावर तर चार. वही घेऊन मी कार्यकारी अभियंत्यांकडे गेले. पाइप आधी, डांबर नंतर, एवढाच क्रम ठरवायला अर्धा तास लागला, आणि त्या अकरापैकी आठ रस्ते त्या वर्षी पुन्हा खोदावे लागले नाहीत. पुढच्या वर्षी माझी बदली झाली, वही कपाटात राहिली.

डांबरापेक्षा मला दवाखान्यांची जास्त चिंता वाटते. इमारतीचा खर्च भांडवली, म्हणून तो एका वर्षात दिसतो, कोनशिलाही बसते. परिचारिका, औषधे, सफाई, वीज हा महसुली खर्च, तो दरवर्षी लागणार. तो दुसऱ्या खात्याच्या दुसऱ्या पानावर, आणि तिथे वाढ नाही. आस्थापना खर्च, म्हणजे पगार-पेन्शनचा खर्च, ३५ टक्क्यांच्या आत ठेवा असा शासनाचा दंडक आहे, त्यामुळे नवी पदे मिळणे आणखी अवघड. मी फरशी चकचकीत असलेला, आणि जखमेवर बांधायला पट्टी नसलेला दवाखाना पाहिला आहे. तुमच्या भागात नव्या इमारतीची घोषणा झाली की लगेच विचारा, पुढच्या वर्षी त्यात किती माणसे आणि किती औषध धरले आहे?

प्रश्न : सामान्य नागरिकाने अंदाजपत्रकासाठी काम सुचवायचे असेल तर कधी आणि कसे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत आहे. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज मिळतो आणि तो पावसाळा संपण्याच्या सुमारास भरायचा असतो. इतर शहरांतल्या वाचकांनीही दिवाळीपूर्वी साध्या कागदावर अर्ज द्यावा. फेब्रुवारीत धावपळ करून उपयोग नाही. करांचे दर २० फेब्रुवारीच्या आत ठरवावे लागतात आणि तोवर खात्यांचे आकडे जवळपास बसलेले असतात.

‘रस्ता चांगला करा’ असे लिहू नका. कुठून कुठपर्यंत, किती मीटर, काय बिघडले आहे ते लिहा, फोटो जोडा. कनिष्ठ अभियंत्याला त्यावरून तिथेच अंदाजे रक्कम काढता आली पाहिजे. पोच शिक्क्यासह घ्या. जानेवारीपर्यंत काही कळले नाही, तर माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून एकच ओळ विचारा: माझे काम कोणत्या खात्याच्या मागणीपत्रकात, किती रकमेने धरले आहे? ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते, आणि मागणीपत्रकात नसेल तर ते मार्चच्या पुस्तकातही येणार नाही.