नर्मदेची वीज कुणाच्या बिलात?

प्रश्न : आमच्याकडे कॉलेजची मुलं फॉर्म भरून घ्यायला आली होती. घरात माणसं किती, विजेचं बिल किती, सिलिंडर किती दिवस पुरतं, गाड्या कोणत्या. यावरून म्हणे इंदूरच्या रहिवाशांचा पर्यावरणावरचा भार काढून महापालिकेला देणार. आमचे हे म्हणतात, शहर स्वच्छतेत पहिलं, घरात कचऱ्याचे सहा डबे, आता आणखी काय मोजायचं? आणि चारशे घरं विचारून अख्खं शहर कसं कळणार?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : ताई, डब्यांचं कौतुक आहेच. देवगुराडियाला रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस करायची सोय झाली, तीही त्या डब्यांच्याच जोरावर. पण कचरा हा या हिशेबाचा एक कोपरा. आपल्याकडे एक युनिट विजेमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि १४.२ किलोचं सिलिंडर संपेपर्यंत सुमारे ४२ किलो.

तुम्ही दिलेल्या यादीत पाणी कुठेच नाही. इंदुरात पाणी वगळून हिशेब मांडायचा म्हणजे कमालच! नर्मदाकाठच्या जलूदहून सत्तरेक किलोमीटर, विंध्याची चढण चढवून नर्मदा आपल्या नळाला येते. हजार लिटर पाणी ५०० मीटर उचलायला १.४ युनिट लागतात. पंपातली घट धरली की दोनेक युनिट. माणशी १३५ लिटर हा सरकारी मापदंड घ्या. चौघांच्या घराला महिन्याला १६ हजार लिटर, म्हणजे ३२ युनिट, म्हणजे २२ किलो कार्बन डायऑक्साइड. अर्ध्या सिलिंडरहून जास्तच! ही वीज तुमच्या बिलात येत नाही, महापालिकेच्या येते. २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे (पर्यावरणाच्या कामासाठी लोकांकडून घेतलेलं कर्ज) काढून जलूदला ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारायचं ठरलं, ते उगीच नाही.

चारशे घरं नीट निवडली असतील तर पुष्कळ झाली. माणसं, घराचा आकार, एसी, गाडी यांवरून कुठल्या घराचा भार किती हे बसवतात आणि ८५ वॉर्डांत तशी घरं किती, त्यानं गुणतात. माझी शंका त्या गुणाकाराची आहे. घरांचा आकडा २०११च्या जनगणनेचा घेतला तर रामबाग ठीक उतरेल. निपानियाकडच्या नव्या टॉवरांचं काय? ते तेव्हा होते कुठे?

आणि त्यांनी शेवटी 'सरासरी इंदूरकर' काढून दिला, तर तो कागद कपाटात जाईल. दोन एसीवाल्या बंगल्याला छतावर सोलर बसवायला लावता येईल. भाड्याच्या खोलीतून रोज स्कूटीनं पीथमपूरचे कारखाने गाठणाऱ्याला ते सांगून काय उपयोग? त्याला वेळेवर बस हवी. वॉर्डवार तक्ता मागा.

मुलं परत आली तर मेच्या बिलाबरोबर जानेवारीचंही द्या, नाहीतर कूलरपायी तुमचं घर एसीवाल्यांत जमा होईल. घरी बोअरिंग असेल तर तेही सांगा. त्याची वीज तुमच्याच मीटरवर पडते, ती दोनदा धरली जायला नको.