स्वतःच्या पैशानं रेकॉर्ड काढावी का?

प्रश्न : मुलगा आणि त्याचे तीन मित्र तुर्भ्याच्या एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात पंक, म्हणजे रांगडं रॉक संगीत, वाजवतात. कंपनीच्या मागे न लागता स्वतःच रेकॉर्ड काढायची म्हणतो. हे कुणाला जमलंय का?
– एक आई, कोपरी, ठाणे पूर्व

उत्तर : ताई, जमलंय. इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या बझकॉक्स या पंक बँडनं डिसेंबर १९७६ मध्ये एका दिवसात चार गाणी ध्वनिमुद्रित केली. ओळखीच्यांकडून सुमारे ५०० पौंड उसने घेतले होते, त्यात गिटारवादक पीट शेलीचे वडीलही होते. (बाबांच्या खिशाला पर्याय नाही, तिकडेही.) जानेवारी १९७७ मध्ये ‘स्पायरल स्क्रॅच’ ही रेकॉर्ड त्यांच्याच ‘न्यू हॉर्मोन्स’ या लेबलवर, म्हणजे स्वतःच्याच छोट्या कंपनीच्या नावानं, निघाली. पहिल्या १००० प्रती हातोहात खपल्या. पुढे आकडा १६,००० वर गेला.

मला आवडतं ते तिचं वेष्टण. कोणतं गाणं कितव्या टेकला (म्हणजे कितव्यांदा वाजवल्यावर) मिळालं, नंतर गिटार जोडली की नाही, सगळं त्यावर छापलंय. लपवाछपवी नाही. एका गाण्यातली गिटार तर दोनच सूर घोळवत राहते, आणि तरी कानातून जात नाही!

मात्र गायक हॉवर्ड डिव्होटो लगेच बाहेर पडला. शेली गाऊ लागला, त्याच वर्षी मोठ्या कंपनीशी करार झाला, गोड चालींची प्रेमगीतं आली. १९८१ मध्ये बँड फुटला, १९८९ मध्ये पुन्हा जमला.

तेव्हा चिरंजीवांना पैसे द्या, पण कुणाचे किती ते चौघांच्या सह्यांनिशी वहीत लिहून घ्या. गाळ्याचं भाडं वेगळं धरा.