खाऊ-प्रश्न : पुणे ते बेळगाव, वाटेत काय खायचं?

प्रश्न : आई-बाबा आणि दोन मुलांसह गाडीने पुण्याहून बेळगावला जाणार आहोत. मॉलसारखे फूडकोर्ट नकोत. कुठे थांबावं? – एक वाचक, चिंचवड

उत्तर : घरून फक्त चहा घेऊन निघा. खंबाटकी घाटाआधी पोटभर खाऊ नका. एकदा मी शिरवळला मुलीला दोन वडापाव खाऊ घातले आणि घाटात गाडी थांबवावी लागली. साताऱ्यात कंदी पेढे घ्या, पण पाव किलोच, कारण खरी भूक कोल्हापूरसाठी राखायची आहे.

तिथे हायवेवर न थांबता गावात शिरा. आधी मिसळ. पुण्यासारखे पोहे तिच्यात शोधू नका. पावाऐवजी स्लाइस ब्रेड येतो आणि कट, म्हणजे तिखट तर्रीदार रस्सा, वेगळा मिळतो. मुलांना तो चमचाभरच द्या. मग रंकाळ्यावर दोन तास काढा आणि दुपारी एखाद्या साध्या खानावळीत मटणाचं ताट मागवा. पांढरा रस्सा, म्हणजे मटणाचं पाणी, नारळाचं दूध, खसखस, वाटीनं गरम गरम प्यायचा. माझ्या आईला वयोमानाने तांबडा सोसत नाही, पण पांढऱ्याच्या तीन वाट्या ती आनंदाने घेते. तुमच्या आई-बाबांसाठीही तोच मागवा. शाकाहारी असाल तर आख्खा मसूर आणि भाकरी मिळते का विचारा.

निपाणीला नुसता चहा पुरे. बेळगावात कुंदा, म्हणजे तिथली दुधाची मिठाई, घ्या, आणि डब्यात भरायच्या आधी दुकानातच ताजा चाखा.