ब्राउझर बंद, तरी डेटा कोण खातंय?

प्रश्न : विंडोज ११चा लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालवतो. क्रोम बंद केला तरी पंखा घरघरत राहतो आणि रोजचा दीड जीबी डेटा दुपारीच संपतो. शेजारी म्हणतात, कुकीज गुपचूप माहिती पाठवतात. म्हणून रोज क्लीनरने सगळ्या कुकीज पुसतो, पण मग प्रत्येक साइटवर पुन्हा पासवर्ड, पुन्हा ओटीपी. काय करावं?
– एक वाचक, मिरज

उत्तर : आधी तो क्लीनर थांबवा. कुकी म्हणजे साइटने तुमच्या ब्राउझरकडे ठेवायला दिलेली चिठ्ठी, फार तर ४ केबीची. पुढच्या खेपेला ब्राउझर ती त्याच साइटला दाखवतो, म्हणून लॉगिन टिकतं. ती स्वतःहून चालू शकत नाही. पंखा तिच्यामुळे फिरत नाही.

डेटा कोण खातंय ते आकड्यांतच दिसतं. सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट', मग 'अ‍ॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज', त्यात 'डेटा यूसेज'. तिथे गेल्या ३० दिवसांत कोणत्या अ‍ॅपने किती डेटा वापरला ते दिसतं. आत्ता काय चाललंय हे पाहायला कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा आणि टास्क मॅनेजरमध्ये 'नेटवर्क' या मथळ्यावर क्लिक करा. जास्त खाणारा वर येतो.

बहुतेकदा तिथे विंडोजचे अपडेट सापडतात. विंडोज उतरवलेले अपडेट इतरांच्या संगणकांनाही पुरवू शकतं, म्हणजे तुमचा डेटा दोन्हीकडून जातो. 'विंडोज अपडेट', 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' इथे जाऊन इतर संगणकांची परवानगी बंद करा. हॉटस्पॉटच्या वायफायच्या गुणधर्मांत 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. मग बरेचसे अपडेट आपोआप उतरत नाहीत. मात्र महिन्यातून एकदा तरी चांगल्या वायफायवर अपडेट करून घ्या, ते टाळू नका.

क्रोम बंद केल्यावरही टास्क मॅनेजरच्या यादीत तो दिसला, तर तो खरोखर बंद झालेलाच नाही. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'सिस्टम' विभागात, क्रोम बंद केल्यावरही पार्श्वभूमीवर अ‍ॅप चालू ठेवण्याचं बटण असतं. ते बंद करा. पंखा फिरताना 'अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' वर असेल, तर विंडोजचं अँटिव्हायरस तपासणी करत आहे. ती पुरी होऊ द्या.

कुकीजमध्ये काळजीची एकच जात आहे : तिऱ्हाइताच्या (थर्ड-पार्टी) कुकीज, म्हणजे उघडलेल्या साइटच्या नव्हे, तिच्यात बसलेल्या दुसऱ्याच कंपनीच्या. बूट एका साइटवर पाहिले आणि त्यांची जाहिरात बातम्यांच्या साइटवर आली, कारण दोन्हीकडे एकाच जाहिरात कंपनीचा कोड बसलेला असतो. सफारी हा ब्राउझर २०२० पासून त्या अडवतो, फायरफॉक्स प्रत्येक साइटसाठी त्या वेगळ्या ठेवतो. क्रोममध्ये मात्र हे आपल्यालाच करावं लागतं : 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', मग 'थर्ड-पार्टी कुकीज', तिथे ब्लॉक. एखादं पेमेंटचं पान अडलं, तर फक्त त्या साइटला मोकळीक द्या.

आणि यादीत अनोळखी नाव दिसलं, तर उजवं क्लिक करून फाइलची जागा उघडा. 'एसव्हीसीहोस्ट' (svchost) सारखं विंडोजचं नाव धारण करून 'टेम्प' फोल्डरमध्ये बसलेली फाइल संशयास्पदच. तेव्हा विंडोज सिक्युरिटीतून डिफेंडरचं, म्हणजे विंडोजच्याच अँटिव्हायरसचं, ऑफलाइन स्कॅन लावा. साधारण १५ मिनिटं लागतात आणि मशीन रीस्टार्ट होतं, म्हणून उघड्या फाइल आधी सेव्ह करा.